गाडी खाली घेताना मिलिमीटरांचा हिशेब

घरची मोटार 20-30 मिलिमीटर खाली घेतली की ती देखणी दिसते आणि वळणावर जमिनीला अधिक धरून चालल्यासारखी वाटते. तक्रार येते ती मागच्या सीटवरून, कारण तिथे बसलेल्या आजी-आजोबांना प्रत्येक खड्डा पाठीच्या मणक्यात जाणवू लागतो. गाडी खाली आली म्हणून ती दणके देते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात आराम ठरतो तो खड्ड्यावरून जाताना चाकाला वर सरकायला किती वाव उरला आहे यावर, आणि तो वाव घटल्यावर स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर व बंप स्टॉप (चाक पार वर गेल्यावर त्याला अडवणारा शेवटचा थांबा) यांनी आपापसांत काम कसे वाटून घेतले यावर. हा हिशेब आधी मांडला, तर कुटुंबाची गाडी काही प्रमाणात खाली घेऊनही आरामदायी ठेवता येते.

स्प्रिंगवर तोललेले गाडीचे धूड एकदा हलले की ठरावीक वेगाने वरखाली होत राहते. कौटुंबिक गाड्यांमध्ये ही वारंवारता साधारण 1 ते 1.5 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला एक ते दीड झोका, इतकी ठेवतात. बसलेल्या माणसाचे शरीर 4 ते 8 हर्ट्झच्या उभ्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असते, तर 0.2 हर्ट्झच्या आसपासच्या अतिसंथ हेलकाव्यांनी मळमळ होते; मधला पट्टा सुखाचा. वारंवारता कमी ठेवायची तर स्प्रिंग मऊ हवी, आणि मऊ स्प्रिंग गाडीच्या वजनाखाली जास्त दबते: 1 हर्ट्झसाठी सुमारे 250 मिमी, 2 हर्ट्झसाठी अवघी 62 मिमी.

आता असे धरू, की एका गाडीत पुढच्या चाकांना वर जायला 80 मिमी वाव आहे आणि तिथली वारंवारता 1.2 हर्ट्झ आहे. गाडी 30 मिमी खाली घेतली की वाव 50 मिमी उरतो. खड्ड्याने दिलेली तीच ऊर्जा या अपुऱ्या अंतरात जिरवायची असेल, तर स्प्रिंगची ताठरता 80 भागिले 50 या गुणोत्तराच्या वर्गाइतकी, म्हणजे अडीचपटीहून थोडी अधिक वाढवावी लागते. वारंवारता ताठरतेच्या वर्गमुळाप्रमाणे बदलत असल्याने ती थेट 1.9 हर्ट्झपर्यंत पोहोचते, आणि घरच्या गाडीला शर्यतीच्या गाडीचा स्वभाव येतो. ताठरता तशीच ठेवली, तर गाडी सपाट रस्त्यावर मऊ वाटते, पण प्रत्येक मोठ्या खड्ड्यात बंप स्टॉपवर आदळते, आणि तो आघात स्प्रिंगच्या कोणत्याही ताठरतेपेक्षा वाईट असतो.

म्हणूनच गॅरेजमध्ये जुनी स्प्रिंग कापून गाडी खाली घेण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही. सहा कार्यरत वेढ्यांपैकी एक कापला की स्प्रिंग 20 टक्के ताठ होते, गमावलेल्या वावाच्या मानाने ही वाढ अपुरी पडते, कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक हवेत लटकले की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. मूळ शॉक ॲब्सॉर्बर तसेच राहिल्याने त्यांचा दांडा कायम आत दबलेल्या स्थितीत काम करतो.

शहाणपणाचा मार्ग वाव परत मिळवण्यापासून सुरू होतो. आखूड नळीचा शॉक ॲब्सॉर्बर आणि त्याच्या जोडीला आखूड बंप स्टॉप बसवून गमावलेल्या 30 पैकी 15 मिमी परत मिळाले, तर वरच्याच हिशेबाने 1.2 ऐवजी सुमारे 1.5 हर्ट्झ पुरतात, आणि हे कौटुंबिक गाडीच्या मर्यादेतच आहे. मात्र पूर्ण दाबलेल्या स्थितीत टायर चाकाच्या कमानीला घासत नाही, हे आधी प्रत्यक्ष तपासायला हवे. बंप स्टॉप म्हणजे नुसता रबराचा ठोकळा नव्हे. सूक्ष्म छिद्रांच्या पॉलियुरेथेनचा चांगला बंप स्टॉप आपल्या निम्म्याहून अधिक लांबी दाबून घेतो आणि दबताना हळूहळू कडक होत जातो. तो एक दुसरी, उशिरा कामाला लागणारी स्प्रिंगच असतो. सिट्रोएन कंपनीने भारतात 2021 साली आणलेल्या सी5 एअरक्रॉसमध्ये याच जागी तेलाचे थांबे दिले होते. ते शेवटचा टप्पा आदळू न देता मुरवतात, त्यामुळे मुख्य स्प्रिंग मऊ ठेवता येते.

शॉक ॲब्सॉर्बरचे काम स्प्रिंगचा झोका शमवण्याचे. ताठरता 20 टक्क्यांनी वाढली तर शमनाची गरज सुमारे 10 टक्क्यांनीच वाढते, त्यामुळे नव्या स्प्रिंगबरोबर अतिकडक शॉक ॲब्सॉर्बर घेण्याचे कारण नसते. पिस्टन सावकाश सरकताना, म्हणजे वळणावर गाडी कलताना, त्याने चांगला विरोध करावा आणि खड्ड्याच्या अचानक धक्क्याला झडपा उघडून तेल सहज वाहू द्यावे, अशी त्याची जुळणी असावी. आरामाचा मोठा वाटा या झडपांमध्ये असतो आणि पैसे खर्च करायचे तर ते इथेच करावेत.

पुढच्या आणि मागच्या बाजूचा विचार मात्र वेगवेगळा करावा लागतो. मागे तीन माणसे आणि डिकीत सामान मिळून मागच्या चाकांवर 200 किलो भार वाढला आणि दोन्ही स्प्रिंगची चाकापाशी मोजलेली ताठरता प्रत्येकी 22 न्यूटन प्रति मिमी असली, तर गाडीची मागची बाजू सुमारे 45 मिमी बसते. रिकाम्या गाडीत मागे 100 मिमी वाव असेल तर 55 उरतो. त्यातून आणखी 30 गेले की उरतात 25, म्हणजे गणपतीला कोकणात निघालेले कुटुंब जवळजवळ बंप स्टॉपवर बसूनच घाट उतरते. शिवाय मागची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी जास्त असावी लागते. एखादा उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो आणि 2.6 मीटर व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत तेवढे अंतर असलेल्या गाडीत, ताशी 60 किमी वेगाला, मागच्या चाकांना तो सुमारे 0.16 सेकंदाने लागतो; मागची बाजू जरा वेगाने झुलली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी नांगरलेल्या होडीसारखी मागेपुढे डुलत नाही. हे तत्त्व मॉरिस ओली या अभियंत्याने 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मांडले. त्यामुळे पुढे 20-25 आणि मागे 10-15 मिमी, तेही भाराबरोबर ताठ होत जाणाऱ्या, विषम अंतराच्या वेढ्यांच्या स्प्रिंग वापरून, एवढ्यावर मी थांबेन.

आपल्या रस्त्यांवर मर्यादा घालणारा दुसरा घटक म्हणजे गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार तो 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंमी उंच असतो. त्याची वक्रता 17 मीटर त्रिज्येची असल्याने 2.6 मीटर व्हीलबेसच्या गाडीच्या पोटाखालचे जेमतेम 50 मिमी तो खातो. रिकाम्या गाडीची पोटाखालची उंची 165 मिमी असेल, भाराने मध्यभाग 28 मिमी बसला असेल आणि ती 30 मिमी खाली घेतलेली असेल, तरी 107 मिमी उरतात आणि असा गतिरोधक सावकाश ओलांडता येतो. पण गल्लीबोळांत गावकऱ्यांनी किंवा सोसायट्यांनी बांधलेले अरुंद, 12 सेंमी उंच बांध या 107 मिमीपेक्षा उंच असतात. तिथे गाडी घासणारच. मूळ उंचीवर तीच गाडी पोटाखाली 137 मिमी उरल्याने सुटली असती.

सर्वांत कमी बोलली जाणारी बाब चाकांच्या भूमितीची आहे. बहुतेक कौटुंबिक गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर यांचा एकत्र खांब असतो. गाडी खाली आली की चाकाला खालून धरणारा त्याचा लोअर आर्म चाकाच्या बाजूला वर कलतो, आणि गाडी ज्या काल्पनिक केंद्राभोवती कलते ते रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षाही झपाट्याने खाली जाते. दोहोंमधील अंतर वाढल्यामुळे, स्प्रिंग तशीच ठेवली तर, खाली घेतलेली गाडी वळणावर जास्त कलू शकते. फायदाही वाटतो तेवढा मोठा नसतो: 1200 किलोच्या, 550 मिमी उंचीवर गुरुत्वमध्य असलेल्या गाडीत तो 30 मिमीने खाली आला, तर बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार केवळ साडेपाच टक्क्यांनी घटतो. स्टिअरिंगला चाकांशी जोडणाऱ्या टाय रॉडचा कोनही बदलतो, म्हणून काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट अनिवार्य आहे. काही जुन्या गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेला भारसंवेदी ब्रेक व्हॉल्व्ह असतो. बसलेली मागची बाजू पाहून तो गाडी भरलेली आहे असे धरतो आणि मागच्या ब्रेकना जादा दाब पाठवतो, त्यामुळे पावसात मागची चाके लॉक होऊ शकतात. त्याची जुळणी पुन्हा केल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

मोठी रिम बसवण्याचा मोह याच वेळी होतो. 185/65 आर15 टायरची बाजूची भिंत 120 मिमी असते, 205/45 आर17 ची 92 मिमी; ही भिंतही स्प्रिंगच आहे आणि ती गमावल्यावर सस्पेन्शनमध्ये केलेली सारी मेहनत वाया जाते. कायद्याचीही खातरजमा करावी. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. आरटीओ व विमा कंपनी यांच्याकडून लेखी उत्तर घेऊनच काम सुरू करावे.

काम झाल्यावर एक साधी तपासणी प्रत्येकाला करता येते. शॉक ॲब्सॉर्बरचा दांडा दिसत असेल तर त्यावर नळीला लागून एक प्लास्टिकची केबल टाय हलक्या हाताने, सरकेल एवढीच घट्ट बांधावी. पूर्ण कुटुंब आणि सामान घेऊन नेहमीच्या रस्त्यावरून फिरून आल्यावर ती कुठवर सरकली ते पाहावे. बंप स्टॉपपासून थोडी अलीकडे थांबली असेल तर हिशेब जुळला; रोजच्या प्रवासातही ती बंप स्टॉपला जाऊन भिडत असेल तर गाडी 10 मिमी वर घ्यावी.