घाटावरचा फेटा आणि कोकणातला पुरुष

मराठी पडद्यावरचा रांगडा पुरुष डोळ्यांसमोर आणा. फेटा, पिळदार मिशी, खांद्यावर घोंगडी, समोर फडावर नाचणारी बाई. 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’नंतर तमाशापटांची लाट आली आणि हा साचा पक्का झाला. पण हा पुरुष घाटावरचा. उसाचा फड, पाटलाचा वाडा, कुस्तीचा आखाडा यांतून तो उभा राहिला. सावंतवाडी-कुडाळच्या देवळासमोरच्या मांडावर रात्र जागवणाऱ्या प्रेक्षकाला पुरुष आणि बाई या दोन्ही भूमिका वेगळ्याच रीतीने बघायची सवय होती.

तिथे दशावतार हे लोकनाट्य आहे. भातकापणी उरकली, कार्तिकाच्या सुमारास जत्रा सुरू झाल्या की कंपन्या गावोगाव फिरू लागतात. आधी आड दशावतार, त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, वेद पळवणारा आणि मालवणीतून प्रेक्षकांची फिरकी घेणारा संकासुर. मग पहाटेपर्यंत आख्यान. संहिता लिहिलेली नसते. कथा ठरते, संवाद तिथल्या तिथे सुचतात. नट आपल्या पेटाऱ्यावर बसून आपला रंग आपणच लावतो. कंपनीत सगळे पुरुष. राजा तोच आणि राणीही तोच. स्त्रीपार्टी करणारा नट दिवसा शेतात राबलेला असतो, रात्री नऊवारी नेसून द्रौपदी होतो. तो रडला की मांडावरच्या बायका पदराने डोळे पुसतात.

याच्या शेजारी आनंद यादवांच्या कादंबरीवरचा, 2010 चा ‘नटरंग’ ठेवून पाहा. कागलचा गुणा तालमीतला गडी. नाच्या झाल्यावर त्याची शरीरयष्टी जाते, घर जाते, अब्रू जाते. तिथे बायकी होणे ही शिक्षा आहे. दशावतारात स्त्रीपार्टी ही कमाई आहे, चांगल्या स्त्रीपार्टी नटाच्या नावावर नाटक ठरते. फरक कुठून आला? माझ्या मते उत्तर देवळात आहे. दशावतार देवाच्या दारी होतो, देवाचे सोंग होते, म्हणून साडी नेसणाऱ्यावर बोट ठेवायला जागा उरत नाही. तमाशाला ते कवच नव्हते, जातीचा शिक्का मात्र होता.

म्हणून कोकणात बाई-पुरुषाच्या सीमा सैल होत्या असे मात्र कुणी समजू नये. पुरुषाला बाई होण्याची मुभा होती, बाईला मांडावर उभे राहण्याची नव्हती. तिच्या वाट्याला गौरी-गणपतीची फुगडी आली. सासू, दीर, घोव (नवरा) सगळ्यांची टर उडवायची सोय तिथे, तीही बायकांपुरती.

सिनेमाने हा प्रश्न लवकर सोडवला असे वाटते खरे. 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली, फाळक्यांच्याच पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या. मराठी रंगभूमीला मात्र बालगंधर्वांच्या मोहिनीतून बाहेर यायला आणखी वीस वर्षे लागली. 1933 च्या ‘आंधळ्यांची शाळा’त स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या, आणि त्यांतल्या ज्योत्स्ना भोळे गोव्याच्या.

दुसरी गोष्ट मुंबईची. 1850 च्या दशकात गिरण्या उभ्या राहू लागल्या आणि पुढची शंभरेक वर्षे रत्नागिरी जिल्हा (तेव्हा सिंधुदुर्ग त्यातच होता) त्यांना माणसे पुरवत राहिला. पुरुष बोटीने गेले, परळ-लालबागला गावाच्या खोलीत पथारी टाकून राहिले, खानावळीत जेवले. गावी मनीऑर्डर गेली. भातलावणी, भारे, गुरे, म्हातारी माणसे, देणेकऱ्यांची तोंडे हे सगळे बाईने पाहिले. 2011 च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. घाटावरच्या कथेत पुरुष समोर उभा राहून दरारा दाखवतो. कोकणातल्या कथेत तो बहुधा घरीच नसतो आणि तरी सगळे निर्णय त्याच्या पत्रावर अडलेले असतात.

हे श्री. ना. पेंडशांनी फार बारकाईने पाहिले. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा हा लेखक. 1962 च्या ‘रथचक्र’मधल्या नायिकेला त्यांनी नावच दिले नाही, ती फक्त ‘ती’. नवरा परागंदा, घर खोतांचे, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांचे, माणसे भरपूर आणि आधार कुणाचा नाही. मुलांनी शिकावे म्हणून ती त्या घराबाहेर पडते. 1963 चा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला मिळाला. त्याआधीचा 1952 चा ‘गारंबीचा बापू’ याच्या उलट टोकाचा. बापू गावाला भीत नाही, खोताला भीत नाही, राधेशी उघड संसार थाटतो. रंगमंचावर चिपळूणच्या काशिनाथ घाणेकरांनी हा बापू उभा केला आणि कोकणाला आपला मर्द नायक मिळाला. पण बापूचा ताठा कोणासमोर आहे, तेही पाहायला हवे. खोती रद्द करणारा कायदा 1949 चा, कादंबरी त्यानंतर तीन वर्षांनी आली. दरारा बसवणारा खोत तेव्हा कागदावर संपत होता आणि त्याच्या जागी गाव नवा पुरुष शोधत होते.

पांढरपेशा घरांतली कहाणी याच दापोलीच्या किनाऱ्यावर आधीच घडली होती. मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये देवरुखच्या विधवा गोदूबाईंशी लग्न केले आणि मुरुडकरांनी कर्व्यांच्या घराला वाळीत टाकले. गोदूबाईंनी, म्हणजे बाया कर्व्यांनी, पुढे ‘माझे पुराण’ लिहिले. सुधारक नवऱ्याचा संसार घरातून कसा दिसतो हे त्यात रोखठोक आहे. धोंडो केशवांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवत राहिले. बाईला कामेच्छा असते, एवढे म्हणण्यासाठी त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. अमोल पालेकरांचा 2001 चा ‘ध्यासपर्व’ त्यांच्यावरच आहे.

या सगळ्या लेखनातली बाई बहुतेक घरातली, ओटीवरची. डोक्यावर भारा घेऊन डोंगर चढून रत्नागिरीच्या बाजाराला जाणारी बाई साहित्यात यायला उर्मिला पवारांचे ‘आयदान’ यावे लागले, तेही 2003 मध्ये. आई बांबूची आयदाने, म्हणजे सुपे-टोपल्या, विणते, त्यावर घर चालते. त्या दलित बायकांना ‘घरची लक्ष्मी’ वगैरे कुणी कधी म्हटलेच नव्हते. त्या कमावतात, मार खातात, वाटेत हसतात, एकमेकींची अब्रू काढतात. पुढे मुंबईच्या बिऱ्हाडात बायकोचा पगार चालणारा नवरा तिच्या एम.ए.च्या अभ्यासावर आणि सभांवर चिडतो. चळवळीतल्या पुरुषांनाही पवार सोडत नाहीत. कोकणी पुरुषाचे इतके जवळून काढलेले चित्र मला दुसरीकडे मिळाले नाही.

आरवलीच्या जयवंत दळवींनी ‘पुरुष’ लिहिले तेव्हा प्रेक्षकांना धक्का बसला. गुलाबराव हा पुढारी अंबिकेवर बलात्कार करतो आणि न्याय मिळत नाही म्हटल्यावर ती त्याचे पुरुषत्वच छाटते. गुलाबराव केला मुरुड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांनी. दिग्दर्शन विजया मेहतांचे. नाटक अंबिकेचे होते, पण वर्षानुवर्षे आठवण काढली जाते ती गुलाबरावाच्या आवाजाची. यात दोष नटाचा नाही. दरारा दिसला की टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षागृहाचा आहे.

त्याच सुमारास, 1980 मध्ये, गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ आले आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणी मुंबईभर नेली. त्यानंतर मराठी करमणुकीत कोकणी पुरुष बराच काळ हसवणाराच राहिला. तिरकस, भांडकुदळ, मुंबईहून आलेला.

अलीकडच्या चित्रपटांनी त्याला हळवे व्हायची परवानगी दिली. 2004 च्या ‘श्वास’मध्ये नातवाची दृष्टी जाणार हे कळलेला म्हातारा आजा आहे. अविनाश अरुणचा ‘किल्ला’ 2015 मध्ये प्रदर्शित झाला. त्यात वडील वारलेला अकरा वर्षांचा मुलगा आईच्या बदलीमुळे किनाऱ्यावरच्या गावात येतो. मुलांच्या टोळक्यात जागा मिळवायची तर सायकलची शर्यत, किल्ल्यावर जाणे, न घाबरण्याचे नाटक हे सगळे त्याला शिकावे लागते. इथे मनीऑर्डर पाठवणारा बाप नाही. सरकारी नोकरीतली आई पगार आणते, कचेरीतल्या पुरुषांचा दबाव एकटीने झेलते, आणि पुढची बदली आली की पुन्हा सामान बांधते.