बाझिल आणि नाब: सुळा तोच, वय वेगळं

धर्माच्या गाईचे दात बघू नयेत म्हणतात, पण पैसे मोजून घ्यायच्या जनावराचे सगळेच बघतात. गुरांच्या बाजारात बैलाचा खालचा ओठ ओढायचा, दात बघायचे आणि सांगायचं: आदत आहे (अजून दुधाचेच दात), दोन दाती आहे, जुळलाय (सगळे दात आलेले).

जुन्या अरबीत उंटाचं वयही असंच तोंडात बघून ठरे. त्यातल्या दोन शब्दांची हमखास गल्लत होते, बाझिल आणि नाब. दोन्हींच्या मुळाशी सुळा. म्हणून दोन्हींना ‘म्हातारा उंट’ म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं, आणि बाझिलवर अन्याय होतो.

‘बझल’ म्हणजे चिरणं, फाडणं. आठ वर्षं पुरी होऊन नववं लागलं की हिरडी चिरून सुळा बाहेर येतो. तो उंट बाझिल. नर असो वा मादी, शब्द एकच. हा ऐन ताकदीतला उंट. उमय्या खलिफांच्या काळातला (सातवं-आठवं शतक) अरबी कवी जरीर म्हणतो की तिसऱ्या वर्षात पडलेलं उंटाचं पोर दांडग्या बाझिलांबरोबर एका दोरीला बांधलं, तर त्यांच्या जोरापुढे त्याचा निभाव लागत नाही. अनुभवाने पक्क्या झालेल्या माणसालाही बाझिल म्हणत. पुढच्या वयासाठी ‘एका वर्षाचा बाझिल’, ‘दोन वर्षांचा बाझिल’ अशी मोजणी चाले. मला ही मोजणी फार आवडते: दात पुरे झाले, आता नुसती वर्षं.

नाब म्हणजे सरळ सुळाच. पण उंटिणीला नाब म्हटलं की ती म्हातारी, सुळा वाढून लांब झालेली. नराला हा शब्द लागत नाही. अनेकवचन नीब. अरबीत म्हणत, ‘नीब ओढीने हंबरतायत तोवर मी हे करणार नाही’, म्हणजे कधीच नाही. त्यातलं ‘हन्न’ हे क्रियापद पिलासाठी, आपल्या राहत्या जागेसाठी व्याकूळ होऊन काढलेल्या आवाजाचं आहे.

माणसांत अशीच गल्लत कहल आणि शैख यांची होते. शैख, म्हणजे आपल्याकडचं ‘शेख’, हा साधारण पन्नाशीपुढचा, वय दिसू लागलेला. कहल त्याच्या अलीकडचा, तिशी ओलांडलेला. रोप पुरतं उंच झालं की त्यालाही याच धातूचं क्रियापद लावतात. कुराणात ईसा, म्हणजे येशू, पाळण्यात आणि ‘कहल’ असताना लोकांशी बोलेल असं म्हटलंय. तिथे ‘म्हातारपणी’ लिहिलं, तर भरात आलेला माणूस वाचकाला दिसतच नाही.