मंडळीचा गळा कसा मोकळा झाला

चौथ्या शतकात आशिया मायनरमधल्या लाओदिकिया येथील धर्मसभेने एक नियम केला : नेमून दिलेल्या गायकांखेरीज चर्चमध्ये कोणी गाऊ नये. उपासनेत सर्वांनी मनापासून गावे, असे आज प्रत्येक पाळक सांगतो. पण हा हक्क मंडळीकडे, म्हणजे उपासनेला जमणाऱ्या सामान्य भाविकांकडे, कायम नव्हता. तो हातचा गेला आणि मोठ्या कष्टाने परत मिळाला.

प्रेषित पौलाने इफिसकरांस व कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत स्तोत्रे, गीते आणि आध्यात्मिक प्रबंध गाण्याचा उपदेश आहे, आणि तो सगळ्या मंडळीला आहे. त्याच चौथ्या शतकात, 386 साली, मिलानमध्ये सम्राज्ञी जस्टिनाने चर्चची इमारत, ख्रिस्ताला पित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्या एरियन पंथीयांसाठी मागितली. बिशप अँब्रोज ती देईना. लोक त्याच्यासोबत आतच जागत बसले. दुःखाने आणि थकव्याने त्यांचे धैर्य खचू नये म्हणून पूर्वेकडच्या रिवाजाप्रमाणे स्तोत्रे म्हणायला सुरुवात झाली, असे ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनने नोंदवले आहे. भीतीच्या प्रसंगी गाणे लोकांच्या तोंडी आले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

पुढे पश्चिम युरोपात गाणे हळूहळू पाद्री आणि गायकवृंदाकडे गेले. भाषा लॅटिन, ती बहुतेकांना कळत नसे. 1524 मध्ये जर्मनीत आठ गीतांची एक छोटी पुस्तिका निघाली, त्यांतली चार धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची होती. लोकांच्या बोलीत, लोकांना झेपतील अशा चालींत. सगळे सुधारक मात्र एका मताचे नव्हते. झ्विंग्ली या दुसऱ्या सुधारकाच्या झ्युरिकमध्ये उपासनेतून संगीतच काढून टाकले गेले.

इंग्लंडमध्ये गाणे होते, पण मरगळलेले. पुष्कळांना वाचता येत नसल्यामुळे एक जण ओळ वाचून दाखवी आणि मंडळी ती रेंगाळत म्हणे. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेबाहेरची गीते उपासनेत गाण्याला अनेकांचा विरोध होता. आयझॅक वॉट्सने 1707 मध्ये स्वतःच्या गीतांचा संग्रह काढला तेव्हा ती कोंडी फुटू लागली. मग मेथडिस्ट ही धार्मिक जागृतीची चळवळ आली. चार्ल्स वेस्लीने हजारो गीते लिहिली, आणि त्याचा भाऊ जॉन ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूडच्या कोळसा खाणकामगारांपुढे उघड्या माळावर प्रवचने करू लागला.

याच जॉन वेस्लीने 1761 च्या गीतसंग्रहाला गाण्याविषयी सात सूचना जोडल्या. त्या आजही प्रत्येक मंडळीत वाचून दाखवाव्यात अशा आहेत. आधी या चाली शिका आणि छापल्या आहेत तशाच म्हणा. सर्वांनी गा, कंटाळा किंवा अशक्तपणा आड आला तरी तो क्रूस समजून उचला. अर्धमेल्यासारखे किंवा झोपेत असल्यासारखे गाऊ नका, दमदार आवाजात आणि धीटपणे गा. पूर्वी सैतानाची गाणी म्हणताना आवाजाची लाज वाटली नाही, तर आता का वाटावी? पण लगेच पुढची सूचना ओरडू नका ही आहे : इतरांच्या आवाजात आवाज मिसळा. ताल सोडू नका, पुढे पळू नका, मागे रेंगाळू नका. आणि सर्वांत मुख्य म्हणजे प्रत्येक शब्द उच्चारताना देवाकडे लक्ष ठेवा. मनापासून गाणे म्हणजे नुसता मोठा आवाज, हा गैरसमज इथेच दूर होतो. शेजाऱ्याचा आवाज ऐकणे हाही वेस्लीच्या लेखी भक्तीचाच भाग आहे.

मराठीत ही वाट वेगळ्या दिशेने आली. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने रचलेले ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या! ज्या छंदात इथले लोक पुराण ऐकत होते, त्याच छंदात त्याने ख्रिस्तकथा सांगितली.

अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये अहमदनगरात आले, ते आपल्या चाली घेऊन. भाषांतरित गीते त्या परक्या चालींवर बसवताना मराठीच्या ऱ्हस्वदीर्घांची ओढाताण होते, हे अशी गीते म्हणणाऱ्या कोणालाही जाणवेल. शब्द तोंडात येतात, पण मन त्यांत बसत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींवर गीते रचली आणि ख्रिस्ती कीर्तनाला वळण दिले.

मग कवी नारायण वामन टिळक. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. त्यांच्या गीतांत ख्रिस्त गुरुमाउली होऊन येतो, आणि आईला हाक मारायला कोणाला शिकवावे लागत नाही. पेटी, तबला, टाळ यांची साथ त्या अभंगांना शोभते. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाचा मोठा भाग त्यांच्या रचनांचा आहे. 1919 मध्ये ते गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे ख्रिस्तचरित्रावरचे काव्य अपुरे होते; ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. स्कॉटिश मिशनरी निकोल मॅकनिकल यांच्या भाषांतरांमुळे टिळकांची काही गीते इंग्रजी गीतपुस्तकांतही गेली. ज्या दिशेने गीते येत होती, त्या दिशेने आता आपली जाऊ लागली.

कॅथलिक मंडळींना आणखी थांबावे लागले. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात सर्व भाविकांचा पूर्ण, जाणता आणि सक्रिय सहभाग मागितला, लोकभाषेला वाट करून दिली आणि मिशन प्रदेशांतल्या लोकांच्या स्वतःच्या संगीत परंपरेला योग्य मान द्यावा असे सांगितले. त्यानंतर वसईच्या चर्चांमध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, मराठीत होऊ लागली, आणि मिस्सेतली उत्तरे व गीते तिथल्या भाविकांना आपल्या भाषेत म्हणता आली.