ऑब्जेक्ट तेच, भूमिका वेगळी: डीसीआयची पार्श्वभूमी

बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये 'खाते' नावाचा क्लास (म्हणजे साचा, ज्यातून एकेक खातं, अर्थात ऑब्जेक्ट, तयार होतं) हमखास असतो. शिल्लक, जमा, नावे एवढं त्यात असावं याबद्दल कुणाचं दुमत नसतं. वाद होतो तो एका खात्यातून दुसऱ्यात रक्कम वळती करण्याचा कोड कुठे लिहायचा यावरून. खात्यातच घातला, तर उद्या व्याज, परवा हप्ते, तेरवा दंड असं करत क्लास फुगत जातो. बाहेर वेगळी 'सर्व्हिस' काढली, तर खातं म्हणजे नुसतं डेटाचं गाठोडं उरतं. ट्रिग्वे रेन्सकाउग आणि जेम्स कोप्लिन या सॉफ्टवेअरवाल्यांनी २००९ साली डीसीआय, म्हणजे डेटा, कॉन्टेक्स्ट, इंटरॅक्शन ही रचना मांडली ती हेच उदाहरण घेऊन. तिची मुळं मात्र बरीच मागे जातात.

रेन्सकाउग नॉर्वेचे, मूळचे जहाजबांधणीच्या सॉफ्टवेअरमधले. त्यांचं ऑटोकॉन १९६३ मध्ये वापरात आलं आणि पुढे तीसेक वर्षं जगभरच्या गोद्यांमध्ये चाललं. याच देशात, ऑस्लोला, ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी सिम्युला ६७ ही प्रोग्रामिंगची भाषा घडवली आणि क्लास ही कल्पना रुळवली. पुढे सी++ आणि जावा या भाषांनी क्लास इतका डोक्यावर घेतला की सगळं त्यातच कोंबायची सवय लागली.

१९७८ मध्ये रेन्सकाउग कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात, स्मॉलटॉक भाषा घडवणाऱ्यांकडे वर्षभरासाठी गेले. सोबत प्रश्न नेला तो नियोजनाचा: एकच काम यादीतही दिसायला हवं आणि गँट तक्त्यातही (कोणतं काम कधी ते कधी, हे आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता). मे १९७९ मध्ये त्यांनी 'थिंग-मॉडेल-व्ह्यू-एडिटर' नावाचं टिपण लिहिलं. डिसेंबरपर्यंत त्याचं मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर (एमव्हीसी) झालं: माहिती, तिचं पडद्यावरचं रूप आणि वापरणाऱ्याच्या सूचना घेणारा भाग, असे तीन वेगळे तुकडे. आज एमव्हीसी म्हटलं की वेब फ्रेमवर्कमधले तीन फोल्डर डोळ्यांपुढे येतात. रेन्सकाउग यांचा हेतू निराळा होता: वापरणाऱ्याच्या डोक्यात कामाचं जे चित्र असतं, तेच संगणकातही असावं. माझ्या मते डीसीआय हा त्याच हेतूचा राहिलेला अर्धा भाग आहे. वस्तू काय आहे हे एमव्हीसीने दाखवलं. ती कोणत्या प्रसंगी काय करते, हे मात्र वेगवेगळ्या क्लासांच्या मेथडांमध्ये, म्हणजे कामं करणाऱ्या कोडच्या तुकड्यांमध्ये, विखुरलेलंच राहिलं.

भूमिकेची कल्पना डेटाबेसवाल्यांकडे होतीच. चार्ल्स बाखमन यांनी १९७७ मध्ये डेटा मॉडेलमध्ये 'रोल' आणला. एकच माणूस कंपनीचा नोकरही असू शकतो आणि ग्राहकही. मग माणसं दोन कशाला मानायची? रेन्सकाउग यांच्या ओओरॅम पद्धतीत (त्यावरचं पुस्तक १९९६ चं) डिझाइनची सुरुवातच 'या कामात कोण कुणाशी बोलतं' इथून होते. कागदावर हे छान जमायचं. कोड लिहायला घेतला की भूमिका क्लासमध्ये विरघळून जायच्या. आयबीएममधलं सब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग (१९९३) आणि पार्कमधलं आस्पेक्ट-ओरिएंटेड (१९९७) याच दुखण्यावरचे उपाय, पण वाट वेगळी. खरी किल्ली २००३ मध्ये मिळाली: ट्रेट्स. स्वतःचा डेटा नसलेला, क्लासमध्ये जोडता येणारा मेथडांचा गठ्ठा.

डीसीआयमध्ये खात्याला फक्त जमा आणि नावे कळतं. 'रक्कम वळती करणे' हा कॉन्टेक्स्ट सुरू झाला की तो दोन खाती शोधतो, एकाला 'देणारा' करतो, दुसऱ्याला 'घेणारा'. शिल्लक पुरेशी आहे का बघणं, रक्कम नावे टाकणं, समोरच्याला जमा करायला सांगणं, हा सगळा क्रम 'देणारा'च्या मेथडमध्ये वरून खाली सलग वाचता येतो. काम संपलं की भूमिका गळते. पुढे तेच खातं व्याजाच्या कॉन्टेक्स्टमध्ये 'घेणारा' होतं, आणि 'खाते' क्लासची एक ओळही बदलावी लागत नाही.

घोडं अडलं ते भाषांपाशी. चालू ऑब्जेक्टला भूमिका चिकटवायची कशी? जावात अनेकांनी खात्याभोवती दुसरा ऑब्जेक्ट गुंडाळला. मग दोघांची तुलना केली की ते वेगळे निघतात, आणि आत 'धिस' (ऑब्जेक्ट स्वतःला ज्या शब्दाने ओळखतो तो) म्हणजे नेमकं कोण, याचाच घोळ. याला 'सेल्फ स्किझोफ्रेनिया' म्हणतात. नाव बरं नाही, पण रूढ झालंय. स्काला भाषेत ट्रेट ऑब्जेक्ट तयार होतानाच मिसळावा लागतो. रुबी भाषेतल्या 'एक्स्टेंड'ने चालू ऑब्जेक्टमध्ये मॉड्यूल (मेथडांचा गठ्ठा) घालता येतं, पण घातलेली भूमिका परत काढता येत नाही. शिवाय रुबी २.१ च्या आधी दर एक्स्टेंडला मेथडांचा अख्खा कॅश (त्या पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेली नोंद) रद्द व्हायचा, म्हणजे गर्दीच्या सर्व्हरवर वेगाचे बारा वाजलेच.

त्यामुळे रेल्स, म्हणजे रुबीतलं वेब फ्रेमवर्क, वापरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी कॉन्टेक्स्टसारखा, एका कामाचा एक क्लास ठेवला आणि भूमिका सोडून दिल्या. भूमिका खऱ्या अर्थाने चालाव्यात म्हणून कोप्लिन यांनी शेवटी वेगळी भाषाच लिहिली. तिचं नाव ट्रिग्वे.