माळ्याला परवाना का नाही? मुंबईतल्या बागकाम व्यवसायाच्या कागदांची पार्श्वभूमी

मुंबईत लँडस्केपिंगचा धंदा काढायचा तर लायसन्स कुठून काढायचं, असं कृषी पदविका घेऊन शहरात आलेली मुलं हमखास विचारतात. सरळ उत्तर असं की ‘लँडस्केपर’ नावाचा परवाना ना महापालिका देते, ना राज्य सरकार, ना केंद्र. म्हणून कागदपत्रांतून सुटका झाली असं मात्र कुणी समजू नये. औषध फवारायचं तर एक कागद, फांदी छाटायची तर दुसरा, कलमी आंबा विकायचा तर तिसरा, माणसं लावायची तर चौथा. हे कागद वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या भीतीपोटी जन्माला आले. बागकाम करणारा माणूस त्यांतल्या एकाही कायद्याच्या केंद्रस्थानी नव्हता.

मुंबईत बागकामाला संस्थेचं रूप आलं ते 1830 मध्ये, ‘अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ स्थापन झाली तेव्हा. सोसायटीची पहिली बाग शिवडीला होती. पुढे 1865 मध्ये म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी ती जागा दफनभूमीसाठी घेतली आणि शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी तिथे उभी राहिली. तोवर सोसायटीने भायखळ्याला नवी बाग केली होती. 1862 मध्ये खुली झालेली ही व्हिक्टोरिया गार्डन्स म्हणजेच आपली राणीची बाग, आजचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. हौशी साहेबलोकांच्या वर्गणीवर एवढा पसारा चालणार किती दिवस? 1873 मध्ये सोसायटी डबघाईला आली आणि बाग म्युनिसिपालिटीकडे गेली.

त्यानंतर शहरातलं मोठं बागकाम पालिकेचंच खातं करू लागलं. मलबार हिलच्या जलाशयावर 1881 मध्ये हँगिंग गार्डन झाली. पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर माती पसरून केलेली ही बाग म्हणजे शहराची पहिली मोठी गच्चीवरची बाग म्हणायला हरकत नाही. बंगल्यांमध्ये माळी पगारी असायचा. खानसाम्याला कुणी परवाना मागत नाही, तसा त्यालाही कुणी मागितला नाही. बागकाम हा स्वतंत्र धंदा म्हणून सरकारच्या नजरेत आलाच नाही.

याचा पुरावा कायद्यातच सापडतो. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यातलं कलम 355 महापालिकेने कुणाकुणाला परवाने द्यायचे ते सांगतं. त्यात सर्व्हेयर आहेत, वास्तुविशारद आणि अभियंते आहेत, बांधकामावरचे देखरेखवाले आहेत, प्लंबर आहेत. माळी नाही. कारण उघड आहे. प्लंबरने सांधा चुकीचा जोडला तर सांडपाणी पिण्याच्या नळात जातं आणि चाळच्या चाळ आजारी पडते. माळ्याने चूक केली तर गुलाब मरतो. पटकी आणि पुढे प्लेग पाहिलेल्या शहराने परवाना कुठे लावायचा हे त्याच हिशेबाने ठरवलं, आणि त्या काळापुरता तो हिशेब बरोबरही होता.

बागेकडे संशयाने पाहायला पालिका शिकली ती डासांमुळे. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी 1911 मध्ये मुंबईतल्या मलेरियावर अहवाल दिला आणि बोट ठेवलं ते घरोघरच्या विहिरींवर. अॅनॉफिलीस स्टिफेन्सी हा डास तिथे अंडी घालत होता. मग विहिरी बुजवण्याचे, झाकण्याचे आदेश निघाले आणि त्यावरून बरंच वादळही उठलं, कारण विहिरीशी लोकांचा देवधर्म जोडलेला होता. त्या मोहिमेचा वारसा आज पालिकेचं कीटकनाशक खातं चालवतं. महापालिका कायद्याच्या कलम 381 खाली येणारी नोटीस बंद पडलेल्या कारंज्याला, कमळाच्या हौदाला, अगदी कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यालाही लागते. नोटीस येते गृहनिर्माण सोसायटीच्या नावाने आणि सेक्रेटरी फोन करतात कारंजं बसवणाऱ्याला. कारंजं बसवायला बागकामाचं लायसन्स लागत नाही, पण त्याची मोटर आणि दिवे जोडायला परवानाधारक वीज कंत्राटदार लागतो. नवखे लोक हे हटकून विसरतात.

फवारणीच्या परवान्याची कहाणी जास्त काळी आहे. 1958 च्या एप्रिल-मे महिन्यांत केरळ आणि मद्रासमध्ये शंभराहून अधिक माणसं विषबाधेने दगावली. जहाजातून धान्याबरोबरच पॅराथिऑन हे कीटकनाशक आलं होतं. ते सांडलं आणि पिठा-साखरेत उतरलं. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. त्यातून दहा वर्षांनी 1968 चा कीटकनाशक कायदा आला आणि 1971 मध्ये नियम आले. कीटकनाशक विकणाऱ्याला, साठवणाऱ्याला आणि पैसे घेऊन फवारणी करणाऱ्याला परवाना सक्तीचा झाला. व्यावसायिक फवारणीचा परवाना हवा तर कृषी पदवी किंवा रसायनशास्त्रासह विज्ञानाची पदवी लागते, वर मान्यताप्राप्त संस्थेतलं किमान 15 दिवसांचं प्रशिक्षण लागतं. हा परवाना कृषी खातं देतं.

आता प्रत्यक्षात काय होतं? सोसायटीचा माळी नर्सरीतून बाटली आणतो, झाकणाने मोजतो, बादलीत ढवळतो आणि तोंडाला रुमाल बांधून जास्वंदीवर मारतो. त्याला कुणी काही विचारत नाही. गेल्या दशकात शहरातले रेन ट्री पिठ्या ढेकणाने पोखरले जाऊन एकामागून एक वाळू लागले, तेव्हा रस्तोरस्ती उपाय सुचवणारे निघाले. तीन-चार मजली उंचीच्या, भर रहदारीच्या रस्त्यावरच्या झाडावर औषध मारायचं म्हणजे खालच्या भाजीच्या गाडीवर आणि बसथांब्यावरही मारणं आलं. लँडस्केपिंगवाल्याकडे सर्वांत आधी कुठला परवाना हवा, असं मला विचाराल तर तो हाच.

1969 मध्ये महाराष्ट्राने फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी कायदा केला. हापूस म्हणून विकलेलं कलम सात-आठ वर्षांनी रायवळ निघालं तर शेतकऱ्याची उमेदीची वर्षं वाया जातात, ती फसवणूक रोखण्यासाठी नर्सरीवाल्याला परवाना आणि मातृवृक्षांची, म्हणजे ज्यांवरून कलमं बांधली जातात त्या झाडांची, नोंद सक्तीची झाली. हा कायदा फक्त फळझाडांचा. त्यामुळे रस्त्याकडेच्या नर्सरीत अरेका पाम, क्रोटन, बोगनवेल, फायकस कितीही विका, हा कायदा आड येत नाही. सोरतापवाडी-उरुळी कांचनहून किंवा थेट आंध्रातल्या कडियमहून ट्रक भरून रोपं येतात आणि कॉम्प्लेक्सच्या गेटवर उतरतात. कलमी आंबा-चिकू विकायला ठेवलात की मात्र कृषी खात्याशी गाठ आहे.

डिझाइनच्या बाजूने गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. 1972 च्या वास्तुविशारद कायद्याने ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद राखीव केलं. वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय ते नावापुढे लावता येत नाही. लँडस्केप आर्किटेक्टसाठी वेगळी नोंदवही निघाली नाही. 2003 पासून त्यांची ‘इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स’ ही व्यावसायिक संस्था आहे, पण तिचं सदस्यत्व म्हणजे सरकारी परवाना नव्हे. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की या कायद्याचं कलम 37 फक्त हे बिरुद वापरण्यावर बंधन घालतं, नोंदणी नसलेल्याने डिझाइनचं काम करण्यावर नाही. म्हणजे बागेचा आराखडा कुणीही काढावा, व्हिजिटिंग कार्डावर ‘आर्किटेक्ट’ छापू नये. ‘लँडस्केप डिझायनर’, ‘गार्डन कन्सल्टंट’ ही नावं मुंबईत एवढी का दिसतात, त्यामागे हे मोठं कारण आहे.

अमेरिकेत याच्या उलट झालं. लँडस्केप आर्किटेक्टला परवाना देणारं पहिलं राज्य कॅलिफोर्निया, 1953 मध्ये. आज सगळ्या राज्यांत तशी सोय आहे. कॅलिफोर्नियात बाग बनवणाऱ्या कंत्राटदारालाही सी-27 नावाचा वेगळा परवाना काढावा लागतो. तिकडची माहिती वाचून इकडे ‘लँडस्केपिंग लायसन्स’ शोधणाऱ्यांचा घोळ होतो तो यामुळे.

मुंबईत या धंद्याला खरा जोर आला तो 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर. गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या होऊ लागल्या, टॉवर उभे राहिले, गाड्या पोडियमखाली, म्हणजे टॉवरच्या पायथ्याशी बांधलेल्या उंच स्लॅबखाली, गेल्या आणि बाग पोडियमवर चढली. बिल्डरच्या माहितीपत्रकात हिरवळ हा विकायचा माल झाला. बागेची जागा जमिनीवर हवी की स्लॅबवर चालेल, हे भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. डिसेंबर 2013 मध्ये कोहिनूर प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की नियमात ठरलेली किमान मनोरंजनाची मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची बाग तिच्या जागी मोजता येणार नाही. स्लॅबवर फूटभर मातीत लावलेला गुलमोहर किती टिकतो हे ज्याने पाहिलंय त्याला हा निकाल समजावून सांगावा लागत नाही.

मात्र बागकाम करणाऱ्याची सगळ्यात जास्त गाठ पडते ती 1975 च्या नागरी क्षेत्र वृक्ष कायद्याशी. वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी, झाडांची गणना, तोडण्यापूर्वी परवानगी, हे सगळं त्याच कायद्यातून आलं. त्यात ‘झाड तोडणे’ याची व्याख्या ऐसपैस आहे. जाळणं, कापणं आणि कुठल्याही प्रकारे झाडाला इजा करणं त्यात बसतं. म्हणून सोसायटीच्या कुंपणाच्या आतलं, सोसायटीनेच लावलेलं बदामाचं झाड असलं तरी फांदी छाटायला वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्यात अर्ज करावा लागतो. अर्जासोबत फोटो, मग पाहणी, मग परवानगीचं पत्र. झाड मुळासकट काढायचं असेल तर वर्तमानपत्रात जाहिरात येते आणि बुंध्यावर नोटीस डकवली जाते, हरकती मागवल्या जातात. पावसाने भिजलेली, अक्षरं फुटलेली अशी नोटीस पिंपळाच्या खोडावर तुम्हीही पाहिली असेल.

2018 च्या सुमारास झालेल्या गणनेत मुंबईत सुमारे 29 लाख 75 हजार झाडं भरली. त्यानंतर वर्षभरातच, ऑक्टोबर 2019 मध्ये, आरेतली दोन हजारांवर झाडं मेट्रो कारशेडसाठी तोडली गेली. काम रात्री सुरू झालं आणि तेही वृक्ष प्राधिकरणाने तोडीला दिलेल्या परवानगीने. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष ठरवलं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट आणली. कायदा झाडाबाबत इतका बारकाईने लिहिला गेला.

पण फांदी कापतो कोण, याबद्दल हा सगळा पसारा गप्प आहे. परवानगीपत्रात झाडाची जात असते, किती फांद्या ते असतं. दोर बांधून वर चढणाऱ्या माणसाचं शिक्षण काय, करवत कशी धरायची हे त्याला कुणी दाखवलंय का, फांदी कुठल्या सांध्यावर कापली तर जखम भरते आणि कुठे कापली तर खोड कुजतं हे त्याला माहीत आहे का, याची एकही ओळ नसते. मे महिन्यात पावसापूर्वीच्या छाटणीला जोर येतो तेव्हा एका बाजूने तासलेली, तोल गेलेली झाडं गल्लोगल्ली दिसू लागतात. जुलै 2017 मध्ये चेंबूरला नारळाचं झाड अंगावर कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला, तेव्हा चर्चा झाली ती परवानगी का मिळाली नव्हती याची. झाडाची तब्येत कुणी आणि कशी तपासायची, हा प्रश्न मागे पडला.

उरलेले कागद कुठल्याही धंद्याचेच आहेत. गुमास्ता परवाना, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंदणी, 1948 च्या कायद्याचा. 2017 च्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी माणसं असतील तर नोंदणीऐवजी नुसती ऑनलाइन सूचना पुरेशी ठरवली, 2025 मध्ये ती मर्यादा वीसवर गेली, तरी लोक अजून ‘गुमास्ता काढला का’ असंच विचारतात. दहा माणसांवर ईएसआयसी म्हणजे कामगार विमा, वीसवर पीएफ. कंत्राटी मजुरांच्या परवान्याची मर्यादा केंद्राच्या 1970 च्या कायद्यात 20 होती, महाराष्ट्राने ती 50 केली आणि नव्या केंद्रीय श्रमसंहितेतही 50 चाच आकडा आहे. जीएसटीची गंमत निराळी. जिवंत रोपावर कर शून्य, बाग राखण्याच्या सेवेवर 18 टक्के. म्हणून अनुभवी कंत्राटदार रोपांचं बिल वेगळं आणि मजुरीचं वेगळं करतो.

पालिकेच्या उद्यानांचं कंत्राट हवं असेल तर हे सगळे कागद, शिवाय अनामत रक्कम आणि आधीच्या कामाचा दाखला लागतो. वीस वर्षं खुरपं चालवलेल्या माळ्याकडे यातलं काहीच नसतं. तो कंत्राटदाराच्या हाताखाली रोजावर जातो. कृषी कौशल्य परिषदेचा ‘गार्डनर’ अभ्यासक्रम आहे, त्याचं प्रमाणपत्रही मिळतं, पण छाटणीच्या परवानगीपत्रावर त्याच्यासाठी रकाना नाही. धंद्याला सरसकट लायसन्स लावलं तर फुटपाथवरचा नर्सरीवाला आणि सायकलवरून चार सोसायट्या करणारा माळी आधी बाहेर फेकला जाईल, म्हणून ते माझ्या मते नकोच. करवत आणि फवारणीचा पंप घेऊन येणाऱ्याकडे मात्र प्रशिक्षणाचा दाखला मागायला हवा. फवारणीसाठी तसा नियम आधीपासून आहेच. छाटणीसाठी तो करायचा तर परवानगीपत्राच्या नमुन्यात एक ओळ वाढवावी लागेल.