जाळीवरून पेल्याचे वय कळत नाही

साके, म्हणजे तांदळाचे जपानी मद्य, पिण्याचे जुने जपानी पेले हौसेने जमवणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट रुजलेला आहे : झिलईवरची बारीक भेगांची जाळी जितकी दाट, तितका पेला जुना. हा समज चुकीचा आहे.

यामागुची प्रांतातील हागी येथील पेले पाहू. १५९२ ते १५९८ या काळातील कोरियावरील स्वाऱ्यांनंतर तिकडून आणलेल्या कुंभारांनी ही परंपरा सुरू केली. हागीची माती भाजल्यावरही सच्छिद्र राहते. तिच्यावरची झिलई मात्र काच असते. भट्टीच्या उष्णतेत ही काच मऊ असल्याने मातीशी सहज जुळवून घेते, परंतु निवताना ती कडक झाली की दोघींना एकमेकींना धरूनच आकसावे लागते. सोडियम आणि पोटॅशियम अधिक असलेली झिलई मातीपेक्षा जास्त आकसू पाहते, माती तिला तसे करू देत नाही, आणि झिलई सर्व बाजूंनी ताणली जाते. काच दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही. एखाद्या सूक्ष्म ओरखड्याच्या टोकाशी ताण एकवटतो, तिथून भेग धावते आणि तिच्या आडव्या दिशेचा ताण मोकळा होतो. त्या भेगेलगत उरलेला ताण केवळ तिच्या लांबीच्या दिशेने असल्यामुळे नंतरची भेग तिला बहुधा काटकोनात येऊन मिळते आणि तिथेच थांबते. आटलेल्या तळ्याच्या चिखलात हीच रचना दिसते. कोणती भेग आधीची आणि कोणती नंतरची, हे भिंग घेऊन वाचता येते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

भट्टीतून नुकत्याच काढलेल्या भांड्यांतून बारीक टिणटिण ऐकू येते, ती याच भेगांची. म्हणजे जाळी पहिल्याच दिवशी तयार होऊ शकते. पुढे सच्छिद्र माती वर्षानुवर्षे हवेतील बाष्प शोषून किंचित फुगते आणि नव्या भेगा पडतात, हे खरे. पण त्यांचा वेग माती, झिलई आणि हवामान यांवर ठरतो. भेगांतून साके आत झिरपून पेल्याचा रंग पालटत जातो, त्याला जपानीत ‘हागीची सात रूपे’ म्हणतात. चहाच्या पाण्याने असा रंग मुद्दाम चढवता येत असल्याने तोही वयाचा पुरावा नव्हे.

पेला ज्या पेटीत ठेवतात ती किरी, म्हणजे पॉलोनियाच्या लाकडाची असते. या लाकडाची घनता पाण्याच्या जेमतेम तीन दशांश असते. झाकणावर कुंभाराने स्वहस्ते लिहून शिक्का उमटवलेला असल्यास तिला ‘तोमोबाको’ म्हणतात; मात्र अस्सल पेटीत दुसराच पेला ठेवणे अवघड नसते, म्हणून अक्षराइतकेच पेल्याचे मापही पेटीशी ताडून पाहावे. हे लाकूड ‘श्वास घेते’ असे विक्रेते सांगतात, पण तोडलेले लाकूड श्वास घेत नाही. त्याच्या पेशीभित्तिकांतील सेल्युलोज दमट हवेत पाण्याचे रेणू धरून ठेवते आणि कोरड्या हवेत सोडते, त्यामुळे पेटीतील आर्द्रतेचे चढउतार संथ होतात. आपल्याकडे पावसाळ्यात दारे फुगून घट्ट बसतात, तसे जूनमधील जपानी पावसाळ्यात हे झाकणही घट्ट बसते.

ओला पेला मात्र अशा पेटीत ठेवू नये. झिलईखालच्या छिद्रांतील पाणी मुख्यतः तळाच्या बिनझिलईच्या कडेतून बाहेर पडते आणि त्याला कित्येक दिवस लागतात. तेवढ्यात झाकण लावले तर बुरशी धरते. पेला धुतल्यावर उपडा ठेवून काही दिवस सावलीत वाळवावा, मग कापडात गुंडाळून पेटीत ठेवावा आणि फीत बांधावी.