घराजवळील मोहोळ व गांधीलमाश्यांची घरटी

मधमाश्यांचा थवा घराजवळ येऊन बसणे, मधमाश्यांनी घराच्या पोकळीत किंवा सज्जाखाली पोळे बांधणे आणि गांधीलमाश्यांनी घरटे करणे हे तीन वेगळे प्रसंग असून तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. हा फरक न पाहता धूर, दगड किंवा रॉकेल हाती घेतले की साधा प्रसंग अपघात होतो.

थवा : वसाहतीत गर्दी झाली की जुनी राणीमाशी निम्म्याहून अधिक कामकरी माश्या घेऊन घर सोडते. काही हजार माश्यांचा हा घोस फांदीवर, कठड्याला किंवा उभ्या वाहनाला लटकतो. टेहळ्या माश्या नव्या जागा पाहून येतात, नाचून त्यांची दिशा व अंतर कळवतात, आणि एका जागेवर एकमत झाले की सगळा घोस उठतो. यास काही तासांपासून दोन-तीन दिवस लागतात. निघताना माश्यांनी पोटभर मध घेतलेला असतो आणि राखण्याजोगे पोळे किंवा पिलावा (अंडी व अळ्या) जवळ नसतो. म्हणून असा थवा सहसा शांत असतो. मुले व पाळीव जनावरे आत घ्यावीत, त्या बाजूच्या खिडक्या लावाव्यात आणि वाट पाहावी. पावसामुळे अडकलेला, मधाचा साठा संपत आलेला थवा मात्र चिडका होतो.

मधपाळ थवा पकडतो तेव्हा आधी साखरपाण्याचा (समप्रमाणात) हलका फवारा मारतो, खाली पेटी धरतो आणि फांदीला एकच जोरदार झटका देतो. राणी पेटीत पडली असेल तर काही माश्या तोंडाशी पोटाचे टोक वर करून पंख हलवतात व गंध पसरवतात. त्या गंधावर उरलेल्या आत येतात. राणी फांदीवरच राहिली तर थोड्याच वेळात सगळ्या माश्या पुन्हा वर जातात. पेटी अंधार पडेपर्यंत जागची हलवायची नाही. घाई केल्यास बाहेर गेलेल्या टेहळ्या मागे राहतात आणि तेथेच घिरट्या घालतात.

पोळे : सातेरी जातीच्या मधमाश्या भिंतीतील पोकळी, मीटरची पेटी, छताखालची जागा अशा अंधाऱ्या ठिकाणी एकमेकींना समांतर अनेक पोळी बांधतात. फुलोरी जातीच्या माशीचे पोळे लहान, एकेरी, झुडपाच्या डहाळीभोवती असते व तिचा उपद्रव थोडा. आग्या माशीचे एकच उघडे पोळे मीटरभर रुंद होऊ शकते आणि ते उंच सज्जे, टाक्या व मोठ्या झाडांना असते. आग्या मोहोळाशी घरच्या माणसाने काहीही करू नये. कंप, धूर, फेकलेली वस्तू किंवा शिकारी पक्ष्याचा हल्ला एवढे निमित्त पुरते. चिडलेल्या माश्या शेकडो मीटर पाठलाग करतात. ही माशी स्थलांतर करणारी आहे. हंगाम संपला की ती स्वतःच निघून जाते, म्हणून वाट वर्दळीची नसेल तर पोळे तसेच राहू देणे शहाणपणाचे. रात्री ती दिव्याकडे येते. जवळच्या खोल्यांचे पडदे ओढावेत.

भिंतीतील वसाहतीबाबत सर्वांत मोठी चूक म्हणजे बाहेरचे छिद्र बुजवणे. माश्या दुसरी फट शोधतात आणि पुष्कळदा घराच्या आत उतरतात. विष फवारून मारल्यासही काम संपत नाही : पोळ्याला वारा घालणाऱ्या माश्या उरत नाहीत, उन्हाने मेण मऊ होते, मध भिंतीतून झिरपतो, मग मुंग्या, मेणपतंग, उंदीर येतात. खरा उपाय म्हणजे पोकळी उघडून पिलाव्याची पोळी कापून मधपेटीच्या लाकडी चौकटींना बांधणे, राणीसह माश्या पेटीत घेणे, मेणाचा प्रत्येक अंश खरवडून जागा धुणे व ती भरून काढणे. मेणाचा वास राहिला की पुढचा थवा तीच जागा निवडतो. झरोक्यांना 3 मिमी किंवा त्याहून बारीक जाळी लावावी, पण वसाहत निघाल्यानंतरच.

गांधीलमाश्या : त्या लाकडाचा लगदा करून कागदी घरटे बांधतात. एका देठाला लटकलेले, उघड्या छत्रीसारखे, खाली तोंड असलेल्या घरांचे घरटे एका गटाचे. चहूबाजूंनी आवरण असलेला गोळा मोठ्या गांधीलमाश्यांचा, आणि तो अधिक धोक्याचा. कुंभारमाशीचे चिखलाचे घर निराळेच. ती एकटी राहते, घर राखत नाही, खरवडून काढले तरी चालते.

एक-दोन माश्यांनी नुकतेच सुरू केलेले घरटे लांब काठीने पाडता येते. भरलेले उघडे पण लहान घरटे अंधार पडल्यावर, माश्या परतल्यावर हाताळावे : एक लिटर पाण्यात 30 मिलि भांड्यांचा द्रवरूप साबण घालून दुरून धार मारावी. साबणाने भिजल्याने त्यांची श्वासरंध्रे बंद होतात. अंगभर जाड कपडे, डोळ्यांवर चष्मा, आणि पळायची वाट आधी ठरलेली असावी. विजेरीवर लाल कागद लावावा, कारण लाल प्रकाश त्यांना जवळपास दिसत नाही. शिडीवर चढून हे काम कधीही करू नये. दंशापेक्षा पडणे महागात पडते. आवरणाचा गोळा, जमिनीतले किंवा भिंतीतले घरटे, वा घरात कुणाला ॲलर्जी असेल तर प्रशिक्षित माणूसच बोलवावा. आग लावणे हा उपाय नव्हे.

हल्ला व दंश : चेहरा झाकून सरळ पळत बंद खोलीत किंवा गाडीत शिरावे. हात झटकू नयेत; पाण्यात उडी मारू नये, माश्या वर थांबतात. मधमाशीची नांगी काटेरी असल्याने विषपिशवीसह त्वचेत राहते व विष सोडत राहते. तिचा इशारागंध इतर माश्यांनाही बोलावतो. ती नखाने, चिमट्याने, कशीही, पण ताबडतोब काढावी. गांधीलमाशी नांगी मागे ठेवत नाही आणि पुन्हा पुन्हा डसते. साबणाने धुऊन, कापडात गुंडाळलेला बर्फ 10 ते 20 मिनिटे धरावा, अंगठ्या काढाव्यात.

अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणे, घरघर, चक्कर, उलट्या ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे. रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवावेत. धाप लागत असेल तर बसू द्यावे. ॲड्रेनालिनची पेन (तयार इंजेक्शन) असल्यास मांडीच्या बाहेरच्या बाजूला लगेच टोचावी आणि रुग्णवाहिका बोलवावी. ॲलर्जीच्या गोळीने हे काम होत नाही. तोंडात किंवा घशात दंश झाल्यासही थांबू नये. मोठ्या माणसाला 50 च्या आसपास किंवा अधिक, आणि मुलांना त्याहून कमी दंश झाले तरी, बरे वाटत असताना रुग्णालय गाठावे : स्नायूंचा व रक्तपेशींचा ऱ्हास होऊन मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी पुढे येतो, आणि लघवी गडद होणे ही त्याची खूण असते.